पुसलेलं जहाज

बाबा, २०११ साली मुंबईच्या विमानतळावर माझ्या बॅगेचा पट्टा आवळत तुम्ही म्हणालात, "तिकडे कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही." ते मी सात वर्षं इमानेइतबारे पाळलं. आज त्याचाच राग आलाय, म्हणून लिहितेय.

ऑकलंडच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबर सीना नावाची नर्स आहे, सामोआची. मी नवी असताना तिनेच मला सांभाळून घेतलं. आपल्या मुक्ताला शाळेत एखाद्या बेटाच्या देशाचा इतिहास लिहायचा होता, तो सीनाने आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितला. होड्यांतून आलेले पूर्वज, मग जर्मन, मग न्यूझीलंडचा अंमल. १९१८ साली ऑकलंडहून तापाची साथ घेऊन गेलेलं जहाज. आत माणसं आजारी असूनही न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांनी ते सामोआच्या बंदराला लागू दिलं. सीनाची आजी तेव्हा दहा वर्षांची, घरात ती एकटीच उरली. पुढे निःशस्त्र मोर्चावर न्यूझीलंडच्याच पोलिसांचा गोळीबार. आणि १९६२ साली स्वातंत्र्य.

मुक्ताने सगळं तक्त्यावर लिहिलं. मी जहाज आणि गोळीबार पुसायला लावला. टीचरना वाईट वाटेल, आपल्याला अजून सिटिझनशिप मिळायचीय! "बट आई, दॅट्स द मेन पार्ट," म्हणून ती रडली. रिकाम्या जागी मी नारळाची झाडं काढून दिली. दर पंधरा ऑगस्टला इंग्रजांच्या नावाने बोटं मोडणारी मी.

शाळेतल्या प्रदर्शनाला सीना कानामागे फूल खोचून आली. तक्ता दोनदा वाचून म्हणाली, "व्हेअर्स द शिप, डार्लिंग?" मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. सीनाला कळलं. मुक्ताच्या डोक्यावरून हात फिरवून ती निघून गेली.

माझे कान तापले. या देशाचा राग आला, तुमचा आला, स्वतःची तर किळस आली. टेबलावरचा मार्कर उचलला आणि झाडांवरूनच ते जहाज लिहून काढलं, ठळक. त्याखाली गोळीबारही. टीचर म्हणाली, "मला हे माहीतच नव्हतं."

"माहीत असायला हवं होतं. तुमच्याच, आपल्याच बंदरातून निघालं होतं ते!" माझा आवाज चढला होता. पालक वळून बघत होते.

सीना अजून कामापुरतंच बोलते. बरोबरच आहे तिचं. तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? सुट्टीत येऊ, बाबा. पण घर आता इथे आहे. परक्याच्या दारात माणूस असं ओरडत नाही.