कप्तानाने लावलेली माती

"टिटॅनस आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडे धनुर्वात म्हणतात, तोच."

मी उभ्या जागी गार पडलो. धनुर्वात बाळंतिणीला होतो, नाळ कापलेल्या तान्ह्या पोराला होतो, एवढीच आमची अक्कल. बावीस वर्षांचा गडी, उडी मारली की जाळीच्या वर कोपरापर्यंत हात काढणारा, त्याला धनुर्वात? मी डॉक्टरांना म्हणालोसुद्धा, "साहेब, पुन्हा एकडाव पाहा ना. ह्या पोरानं कालच माह्यासंगं मॅच खेळली." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

त्या आजारात जे पाहिलं ते आता सांगतो, माझ्या लाजेसकट सांगतो. तुमच्या घरात, तुमच्या मैदानावर असं कोणाचं होऊ नये, दुसरं काही नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. एका हौशी शाळामास्तरानं आमच्या बुलडाणा जिल्ह्यातली आठ गावं जमवली आणि व्हॉलीबॉलची लीग काढली. हरला की घरी, असली स्पर्धा नव्हती ती. प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या. दिवाळी झाली की सुरू, होळीच्या आत खलास. रविवार आला की आम्ही एस.टी.त बसून कधी जळगाव जामोदला, कधी साखरखेर्ड्याला. देऊळघाटचा कप्तान मी, वासुदेव. माझा वांग्या-मिरच्यांचा मळा होता, आणि तोंड म्हणाल तर मिरचीपेक्षा तिखट. युसूफ आमचा स्मॅशर. तो आणि त्याची आई बाजारोबाजारी बांगड्या भरायचे. डावखुरा होता. त्याचा फटका कुठं पडेल हे पलीकडच्यांना शेवटपर्यंत कळायचं नाही. त्या हंगामात आम्ही पहिल्या नंबरावर होतो, ते त्याच्या जिवावर.

आमच्या मैदानाचा आम्हाला भारी गर्व. सामन्याच्या सकाळी आम्ही खेळाडूच शेणकाला करून सगळं मैदान सारवायचो, अंगण सारवतात तसं. धूळ उडत नसे, पाय घसरत नसे. त्यावर चप्पल घालून कोणी पाय ठेवला तर मी त्याच्या सात पिढ्या काढायचो. खेळायचं ते अनवाणीच. आणि एक रीत होती. खेळताना कोणाला लागलं तर कप्तानानं स्वतः चिमूटभर तिथलीच माती उचलायची, जखमेत दाबायची आणि पाठीवर थाप मारून गड्याला परत उभं करायचं. रक्त थांबायचं, लोक टाळ्या वाजवायचे. माझ्या आधीच्या कप्तानानं माझ्या गुडघ्याला तशीच लावली होती. मला काही झालं नव्हतं, मग युसूफला काय होणार?

रेघा आखायला आम्ही सुतळी ताणून कोपऱ्यात खिळे ठोकायचो. एका रविवारी घरच्या सामन्यात चेंडू उचलायला युसूफ झेपावला आणि खिळा त्याच्या तळपायात खोल गेला. मी धावत गेलो, खिळा उपटला, माती भरली. "उठ बे," म्हणालो, "बायकांवानी काय बसला!" तो उठला. आम्ही जिंकलो.

पुढच्या रविवारी साखरखेर्ड्याला सामना. सकाळी एस.टी.त त्याच्या आईनं बांधून दिलेली भाकर त्यानं तशीच परत बांधली. "दाढ दुखून राह्यली, वासूभाऊ," म्हणाला. मैदानावर तर त्यानं कहर केला. साधे साधे चेंडू सोडले, आणि वर हसतोय! ओठ दोन्हीकडं ताणलेले, दात बाहेर. माझं डोकं फिरलं. चारशे माणसांत मी ओरडलो, "हसून काऊन राह्यला बे? पॉइंट गेला अन् दात काढून राह्यला?" तो नुसता माझ्याकडं पाहत राहिला, तोंडावर तेच हसू घेऊन.

ते हसू नव्हतंच. चेहऱ्याचे स्नायू आवळले होते. हे मला सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं.

सोमवारी सकाळी त्याची आई माझ्या मळ्यात धावत आली. आम्ही तिला चाची म्हणायचो. "वासू, पोराचं तोंड उघडून नाही राह्यलं रे. पाणीबी जात नाही." पहिल्या एस.टी.नं आम्ही त्याला बुलडाण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक चपटी पट्टी त्याच्या दातांतून आत सारायला घेतली, तर त्याचा जबडा तिच्यावर कड्कन आवळला. ह्याला लॉकजॉ म्हणतात, जबड्याला कुलूप.

मग डॉक्टरांनी विचारलं, "जखम कुठे आहे? कधीची?"

मी तळपाय दाखवला. आठवा दिवस, म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. जखम झाल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतच्या दिवसांना इन्क्युबेशन पिरियड म्हणतात. ते दिवस जितके कमी, तितका आजार भारी. युसूफचं तोंड सातव्याच दिवशी आवळलं होतं. वरून जखम भरल्यासारखी दिसत होती. त्यांनी खपली काढून ती उघडली, तर आतून काळी माती निघाली. गोळाच म्हणा ना.

"ही नुसती पडून गेलेली माती नाही," डॉक्टर म्हणाले. "दाबून भरलेली आहे. शेणात, मातीत ह्या रोगाचे जंतू असतात. हवा लागली नाही की आत माजतात. कोणी भरली ही?"

चाची समोर उभी होती. युसूफ पलंगावर. तोंड बंद, डोळे उघडे.

"पडला थो," मी म्हणालो. "तवा गेली असंल."

तोंडाला येईल ते बोलणारा मी, त्या वेळी नेमकं खोटं बोललो. चाचीनं शिव्या दिल्या असत्या तर त्या मी सोसल्या असत्या. पण ती म्हणाली असती, माह्या पोराजवळून ऊठ. ते मला सोसलं नसतं.

आधी कातडीत थोडंसं औषध टोचून पाहिलं, कारण अँटिटॉक्सिन म्हणजे त्या विषावरचा उतारा तेव्हा घोड्याच्या रक्तापासून बनायचा आणि एखाद्याला तो सोसत नसे. मग मोठं इंजेक्शन. नाकातून पोटापर्यंत रबरी नळी घातली, तिला रायल्स ट्यूब म्हणतात. दूध, औषध सगळं तिच्यातून. झोपेचं औषधही. खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. डॉक्टर मला म्हणाले, "उजेड नको, धक्का नको, आवाज तर मुळीच नको. भांडं पडलं तरी त्याला स्पॅझम येईल. म्हणजे सगळं अंग एकदम आवळेल. तसल्यात श्वास अडकला तर माणूस जातो."

"वाचेल ना, साहेब?"

"आज सांगता येणार नाही. उद्याही नाही."

पहिला स्पॅझम मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. कंपाउंडरच्या हातून चमचा पडला होता, एवढंच. युसूफचं डोकं मागं, टाचा खाली, मधलं अंग पलंगावरून वर उचललेलं. धनुर्वात का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तोंड निळं पडलं. आणि एवढं होऊन आवाज नाही! ओरडायला तोंड उघडावं लागतं.

मी दारात बसायला लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायातली वहाण काढून घ्यायचो. सगळा दवाखाना माझ्यावर वैतागला. ज्यानं आयुष्यात हळू आवाजात पाणी मागितलं नव्हतं, तो मी बोटं हलवून बोलायला शिकलो. चाची नळीतून दूध सोडायची, मी नळी धरायचो. ती म्हणायची, "तू नसता तं मी काय केलं असतं रे, वासू?" प्रत्येक वेळी वाटे, आता सांगून टाकावं. प्रत्येक वेळी मी नळीकडं पाहत राहायचो.

मनात आणखी एक घाण विचार यायचा, तोही सांगतो. युसूफचं तोंड उघडावं म्हणून मी सगळ्या देवांना नवस बोललो होतो. आणि त्याचं तोंड उघडलं की तो काय बोलेल, ह्याची भीतीही मलाच होती. त्या खोलीत खरं माहीत असलेली माणसं दोनच, आणि त्यातल्या एकाच्या जबड्याला कुलूप. थू माझ्या जिंदगानीवर!

सातव्या दिवशी रविवार होता. दुपार उलटल्यावर आमची टीम आली. घरचा सामना होता, युसूफविना जिंकले होते. खुश होते बिचारे. मी त्यांना दारातच अडवलं. सगळ्यात पुढं गजानन होता, आमचा नवा गडी. त्याचा गुडघा चांगलाच फाटला होता. आणि त्या फाटलेल्या गुडघ्यात काळी माती भरलेली.

"काय लावलं हे?" मी कुजबुजलो.

"तू नव्हता ना, कप्तान," तो फुशारकीनं म्हणाला. "म्हून माह्या हातानंच लावली. मैदानातली हाय."

माझं भान गेलं. मी त्याचा दंड धरला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "धू थे! धू आत्ताच्या आत्ता! हेच मी युसूफले लावलं! माह्या हातानं लावलं! मरशीन ना बे!"

आत पलंग खडखडला.

तो स्पॅझम मी पाहू शकलो नाही, दारातून नुसता ऐकला. डॉक्टर धावले, कंपाउंडर धावला. "धरा, धरा," एवढंच ऐकू येई, मग तेही नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मी भिंतीला कपाळ लावून उभा होतो. चौदा दिवसांपूर्वी हातानं मारलं, आज तोंडानं मारलं, एवढंच डोक्यात.

डॉक्टर बाहेर आले ते घामानं भिजलेले. "श्वास आलाय," म्हणाले. मग माझ्याकडं वळून, अगदी हळू, "काय बोलायचं ते जपून बोला. टिटॅनसमध्ये शुद्ध जात नाही. औषधानं गुंगी येते, पण हा मुलगा आल्या दिवसापासून सगळं ऐकतो आहे." गजाननला त्यांनी स्वतः हाताला धरून नेलं. गुडघा साबण-पाण्यानं घासून धुतला, इंजेक्शन दिलं. त्याला पुढं काहीही झालं नाही.

मग चाची बाहेर आली. तिनं माझं मनगट पकडलं आणि मला ओढत दवाखान्याच्या मागं, पार विहिरीपल्याड नेलं. आवाज खोलीपर्यंत जाणार नाही एवढं लांब. तिथं तिनं माझ्या कानाखाली वाजवली. एक नाही, दोन. मी मान खाली घातली. वाटलं, आता म्हणेल, चालता हो.

"रडू नको," ती म्हणाली. तिलाच रडू आवरत नव्हतं. "रडून काय होते? चल. त्याच्या दुधाची वेळ झाली. नळी कोन धरीन?"

मी गेलो आणि नळी धरली.

तिथून पुढं नुसती वाट पाहणं. दिवसाला दहा स्पॅझम, मग सात, मग तीन. एक दिवस असा गेला की एकही आला नाही. डॉक्टर म्हणाले, "आजच खुश होऊ नका." झालो नाही. सतराव्या दिवशी त्याच्या दातांत एक बोट मावलं. विसाव्या दिवशी खिडकीवरची एक घोंगडी काढली. उजेडात पाहिलं तर हाडांचा सापळा! गडी अर्धा उरला होता. लीग तोवर संपत आली होती. आम्ही कितव्या नंबरावर राहिलो ते मी विचारलंसुद्धा नाही, इतकी त्या खेळावरून वासना उडाली होती.

टीमचं म्हणाल तर सातव्या दिवसानंतर देऊळघाटच्या मैदानावर शेण पडलं नाही. पुढच्या हंगामात मी आठही गावांत सामन्याआधी उभा राहिलो आणि माझा गुन्हा माझ्या तोंडानं सांगितला. काही ठिकाणी लोक हसले. एका गावात एक म्हातारा म्हणाला, "आमी पन्नास वर्षं लावून राह्यलो, आमचं काय झालं?" मी म्हणालो, "बावाजी, माह्यंबी काही झालं नव्हतं." तुम्हालाही तेच सांगतो. जखम छोटी असो की मोठी, वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, वर काही भरू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन टिटॅनसचं इंजेक्शन घ्या. घरच्या माणसाचा जबडा आखडला, गिळता येईना, तर दाढ दुखत असेल म्हणून बसू नका. आणि डॉक्टरनं काही विचारलं तर खरं सांगा. त्या डॉक्टरांनी माझ्या खोट्यावर न जाता जखम नीट साफ केली म्हणून बरं. त्यांना मी मरेपर्यंत हात जोडीन.

एकविसाव्या दिवशी चाची नमाज पढायला बाजूला गेली होती. मी चमच्यानं युसूफच्या तोंडात पाणी सोडत होतो. गिळायला त्याला वेळ लागायचा. दोन चमचे झाले, तिसऱ्याला त्यानं मान हलवली. ओठ हलले. आवाज फाटका होता, मी कान जवळ नेला.

"तू डाक्टरले खोटं बोलला," तो म्हणाला, "तवा मी आयकून राह्यलो होतो."

माझ्या हातातला चमचा मी घट्ट धरला. पडू दिला नाही.

"हो," म्हणालो.

दम घेऊन तो म्हणाला,

"मले वाटलं, मी मेलो तं त्या मातीनंच मेलो, हे कोनालेच समजनार नाही. त्याचंच लय भेव वाटून राह्यलं होतं. मराचं भेव नव्हतं. मंग तू भाईर ओरडला. अंग असं आवळलं, म्हटलं आता जातोच. पन म्हटलं, आता गेलो तरी चालते."