सोयाबीनच्या कट्ट्यांमधून आलेला अँप्लिफायर

मंडळी, आज आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून वाशिमच्या शाळेत कार्यक्रमासाठी मुलीच्या गिटारचा दुरुस्त केलेला अँप्लिफायर न्यायचा होता. मागच्या कार्यक्रमाला ऑटोतल्या धक्क्यांनी तो मुका झाला आणि रेखा रडतच घरी आली होती.

शेजारचे शेषराव टेम्पोत सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, भरून वाशिमच्या बाजार समितीत लिलावाला निघाले होते. म्हणाले, "काका, कट्ट्यायच्या मधात बसवा त्याले. पोटातलं पानी हालनार नाई त्याच्या!" बटणांवर त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळला.

शाळेच्या सभागृहात रेखानं तार छेडली. आवाज खणखणीत घुमला. आता तिच्या साथीनं मी लहानपणची कविता म्हणणार, तोच दारात शेषराव दिसले.

"अहो, लिलाव चुकेल तुमचा!"

"आवाज निघते का, पाहून राह्यलो होतो. आता जातो."

तोंडपाठ कवितेची पहिली ओळच मला आठवेना.

तुमच्यासाठी असं कोणी दारात थांबलंय का?