अक्कांचं संख्याशास्त्र

भावजींचा फोन आला तेव्हा मी वरणाचा कुकर लावला होता. "ही गेली," एवढंच म्हणाले. अक्का शाळेतच गेल्या होत्या, वर्गातून बाहेर पडताना. मी गॅस बंद केला, वरण घोटलं, फोडणीसुद्धा दिली, मग चपला घातल्या. त्या दिवशी रडू आलं नाही. नंतरही कितीतरी दिवस नाही...

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर दुधनीचं, माहेरी कानडी, आणि इथं सोलापुरात शाळेत गणित शिकवायच्या. पन्नाशीच्या तोंडावर त्यांनी मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं आणि माझंही घालून टाकलं. सगळं सासर हसलं. जावाजावांना एकमेकींच्या मनातलं कळेना म्हणून आता पदवी लागते म्हणे! ते मी हसून सोडलं, पण संख्याशास्त्र काही सुटेना. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते, डोक्यात शिरत नाही म्हटल्यावर अक्कांनी कडक भाकरीच्या दोन चवडी पुढ्यात मांडल्या, एक त्यांच्या हातची, एक माझ्या. त्यांच्या सगळ्या एकसारख्या. माझी एक तळहाताएवढी, तर दुसरी परातीएवढी. "सरासरी दोगींची सारकीच की," त्या म्हणाल्या, "पण पाव्हण्याला कुणाच्या वाढशील?" असा राग आला मला! पण पुन्हा ते कधी चुकलं नाही.

शून्य परिकल्पनेवरून तर आम्ही भांडलोच. दोन गटांत काही फरकच नाही असं आधी धरायचं, भक्कम पुरावा आला तरच ते सोडायचं, हे मला पटेना. फरक दिसतोय म्हणून तर अभ्यास करायचा ना? अक्का म्हणायच्या, मनाला वाटतं तेच खरं धरलं की माणूस फसतो. त्या गेल्यावर मीही काही बदललंच नाही असं धरून वागत होते. दोघींचा चहा टाकायचे. तेराव्याला पंगती उठवल्या. बाई खंबीर आहे, असं पाहुणे म्हणाले. खंबीर कसली, नुसती बधिर झाले होते.

परीक्षा जवळ आली तसं हे म्हणाले, यंदा राहू दे. पण अक्कांशिवाय मला गणित सुटतं का, हे आत्ताच बघितलं नाही तर पुन्हा पुस्तक उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. गेले.

अर्ज आम्ही बरोबरच भरलेले, त्यामुळे क्रमांक लागोपाठ. माझ्या पुढच्या बाकावर अक्कांचा क्रमांक खडूनं लिहिला होता. पर्यवेक्षक बाईंनी तिथंही प्रश्नपत्रिका ठेवली. पंख्यानं ती उडायला लागली, तसं वर डस्टर ठेवलं. मी मान खाली घालून सोडवत राहिले. पहिलं गणित सुटलं.

मग बाई हजेरी घेत आल्या. यादीतलं सारखं आडनाव बघून त्या बाकाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "ह्या तुमच्या घरातल्याच ना? येणारेत का?"

इतके दिवस सगळे मलाच सांगत होते, अक्का गेल्या म्हणून. विचारलं कुणीच नव्हतं.

"नाही येणार," मी म्हणाले. "गैरहजर लिहा."

त्यांनी लिहिलं, प्रश्नपत्रिका उचलली. तेव्हा मला रडू फुटलं, भर वर्गात, हमसाहमशी. बाई म्हणाल्या, बाहेर जाऊन या. मी नको म्हटलं. अजून दोन गणितं राहिली होती.