चारशे बारा जणांची यादी

ऑफिसात सगळे त्यांना आक्का म्हणत. वयाने थोरल्या, आणि एक रुपया इकडचा तिकडे झाला तरी घास न उतरणाऱ्या. घरसामान विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानाच्या हिशेब खात्यात त्यांची अकरा वर्षं गेली होती.

एकदा एका निवृत्त बस ड्रायव्हरचा फोन फिरत फिरत त्यांच्याकडे आला. आजारी बायकोसाठी त्याने चाकांची खुर्ची मागवली होती. निम्मे पैसे सोबत्यांनी निवृत्तीला दिलेल्या गिफ्ट कार्डातून भरले, निम्मे बँकेच्या कार्डावरून. खुर्ची निघायच्या आतच बायको गेली. ऑर्डर रद्द केल्यावर बँकेचे पैसे आले, गिफ्ट कार्डाचे आलेच नाहीत.

"पाच वेळा फोन केला, बाई. जो तो म्हणतो, रिफंड पूर्ण दिसतोय."

आक्कांनी ऑर्डर उघडली. खरंच तसं दिसत होतं. मग त्या हात धुऊन मागे लागल्या. नवी सिस्टीम एका ऑर्डरला एकच पेमेंट धरत होती. पैसे दोन ठिकाणांहून आले असतील तर शेवटचे तेवढे परत करायची, वर 'पूर्ण' लिहायची आणि उरलेले गुपचूप 'इतर उत्पन्ना'त ढकलायची. दीड वर्षात अशा चारशे बारा ऑर्डरी. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून आक्कांनी नाव-फोनसकट यादी केली आणि साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी पानं चाळली. "यातल्या किती जणांनी बोंब मारली?"

"एकाने."

"मग त्याला देऊन टाका. बाकीच्यांना कशाला जागं करता?"

"साहेब, पैसे त्यांचे आहेत."

"आणि दीड वर्ष जमा-परताव्याच्या जुळवणीचे कागद कुणाच्या सहीने गेले, आक्का?"

सही आक्कांचीच होती.

नवऱ्याची नोकरी सुटून वर्ष झालं होतं. घरी गेल्यावर त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो कांदा चिरत होता. मान वर न करताच म्हणाला, "तुझंच खरं आहे गं. पण तुलाही घरी बसवलं तर?" त्याचं चुकलं असंही म्हणता येईना. आक्कांना तेच जास्त लागलं.

ड्रायव्हरचे पैसे दुसऱ्याच दिवशी गेले. त्याने आवर्जून फोन केला. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं." आक्कांनी घाईघाईने फोन ठेवला.

साहेबांनी सिस्टीम दुरुस्त करून घेतली आणि यादी आपल्या कपाटात टाकून कुलूप लावलं. आक्कांचा पगारही वाढवला.

वर्षअखेरीला बाहेरचा ऑडिटर आला. एका आकड्यावर पेन टेकवून त्याने विचारलं, "हे इतर उत्पन्न एवढं कसं फुगलं?"

आक्कांना वाटलं होतं, आवाज कापेल. कापला नाही.

"ग्राहकांनी न मागितलेल्या रकमा," त्या म्हणाल्या. त्याने आणखी एक प्रश्न विचारावा म्हणून त्या क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याने आकड्यापुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.