छत्तिशीतलं नॉर्मल

डिसेंबरात शाळेच्या ऑफिसात सगळे स्वेटर घालून बसत आणि दिपमाला पंखा लावायला उठे. "मॅडम, आम्ही गारठून चाललो," म्हणत शिपाईबाई तो बंद करी. दिपमाला मान पुसत पुन्हा हजेरीपटात डोकं घाली. उन्हाळ्यात हे खपून गेलं होतं. भुसावळच्या उन्हात घामाघूम झालेल्या बाईकडे कोण पाहतं?

तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती. नवरा प्रशील दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटावर, मुलगी मृणाली चौथीत. दुसरं मूल हवं म्हणून दोघं वाट पाहत होते, आणि पाळीच थांबली. आधी घरात आनंद झाला. तपासलं तर दिवस गेलेले नव्हते. मग झोप उडाली, अंगातून वाफा निघायला लागल्या, साध्या बोलण्यावरून तिचा आवाज चढू लागला.

सासू रुक्माबाई नरडाण्याकडची, बोलणं अहिराणी. सगळ्याच बायकांना हे होतं म्हणत ती म्हणाली, "बठ्ठ्या बायास्ले व्हस हाई. तुले काय येगळं शे?"

"तुमची कधी गेली होती, आई?"

"पन्नाशीले," सासू म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. त्या उत्तरात काही वावगं आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

भुसावळच्या डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं, रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला दिपमालानं हट्टच धरला तेव्हा रक्तातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन तपासलं गेलं. त्यांनी रिपोर्टवर नजर फिरवली. "नॉर्मल आहे. पाळी बंद झालेल्या बायकांचं एवढंच असतं."

"मग मला झोप का येत नाही?"

"वजन बघा, फिरायला जा."

घरी प्रशीलही तेच म्हणाला. "डॉक्टर नॉर्मल म्हणतात, तू कशाला डोक्यात घेतेस?" दिपमालानं हातातला पेला ओट्यावर आदळला. आपल्याला होतंय ते खरं की कागद खरा, हेच तिला कळेनासं झालं. असंच वर्ष गेलं.

शेवटी रजा टाकून ती एकटीच जळगावला गेली. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न वयाचा विचारला. "छत्तीस," दिपमाला म्हणाली. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला.

"हा आकडा साठीच्या बाईला नॉर्मल आहे, तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. "लहान मुलींमध्ये इस्ट्रोजेन अगदी थोडं असतं. वयात येताना वाढतं. पाळीच्या वर्षांत दर महिन्याला वरखाली होतं, गरोदरपणी तर कितीतरी पटीनं चढतं. चाळिशीनंतर हेलकावे खातं आणि पाळी गेली की खाली बसतं. तुमचं फार लवकर बसलंय."

त्यांनी दुसरं एक हार्मोन तपासलं, काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं. अंडाशयं चाळिशीच्या आतच थकली होती. हाडं आणि हृदय जपायला साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागणार होत्या.

"आणि मूल?"

"आपोआप राहण्याची शक्यता फार कमी. अगदीच नाही असं नाही."

भुसावळच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. रडू येईल असं वाटलं होतं. आला तो नुसता संताप.

गोळ्यांनी दोनेक महिन्यांत झोप परतली, घामही ओसरला. प्रशीलनं माफी मागितली, पण दुसऱ्या मुलाचा विषय काढायचं तो टाळू लागला, आणि त्याचाही तिला राग येई. एकदा ती मुद्दाम भुसावळच्या त्या डॉक्टरांकडे गेली आणि जळगावचे रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी चाळले. "अच्छा. पण तेव्हा नॉर्मलच होतं ना."

"माझं वय तेव्हाही केसपेपरवर होतं, सर."

त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं. दिपमाला बाहेर आली. पायऱ्या उतरताना बोलायचं राहिलेलं सगळं तिला आत्ता आठवत होतं.