बंद लॉगिनवरून आलेली फाइल

आधीच सांगतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. केबल, स्विच आणि पासवर्ड यांतला माणूस. माझी आई डहाणूच्या बंदरावर सुकट विकते, आणि कोणी झपाटल्याच्या गोष्टी काढल्या की ती म्हणायची, याला दोन दिवस होडीवर पाठवा. मीही तसाच. पण हे जे घडलं ते दोन वर्षं कोणालाच सांगितलं नाही. भीती नव्हती, लाज होती.

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरचं बघतो. साहेबांचा मॅक, बाकी तीन विंडोज. या सगळ्यांना एकत्र नांदवायला मी एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून सर्व्हर केला होता. त्यावर सगळ्यांचं एकच फोल्डर – 'दावे'. वनजमिनीच्या दाव्यांची कागदपत्रं त्यात असायची. नियमही माझाच, की ऑफिसचं काहीही स्वतःच्या मशीनवर किंवा फोनमध्ये ठेवायचं नाही. दर शुक्रवारी मी बॅकअप घेतो असं सगळ्यांना सांगितलेलं... चार महिने घेतला नव्हता.

आमच्याकडे सविता होती, तलासरीकडची. वारली बोलणाऱ्या लोकांचे जबाब तीच घ्यायची. तिच्या पाड्याजवळच्या लाडकीआजीचा जबाब तिने फोनवर व्हिडिओ करून घेतला होता. जमीन सासऱ्यापासून कशी कसली, बांध कुठून कुठे, सगळं आजीने सांगितलेलं. माझ्या नियमाप्रमाणे सविताने तो सर्व्हरवर टाकला आणि फोनमधून काढला. पुढे आजी वारली. आजीच्या मुलाच्या दाव्याची सुनावणी सोमवारी होती, आणि साहेबांची सगळी भिस्त त्या व्हिडिओवर.

आता माझा प्रताप. मॅकवरून फोल्डर उघडलं की तो बारीक बारीक फालतू फाइली सोडतो. विंडोजवाले त्या उघडायला जातात, उघडत नाहीत, मग 'फाइल करप्ट झाली' म्हणून माझ्या नावाने शंख. वैतागून गुरुवारी दुपारी मी त्या पुसायची कमांड लिहिली आणि न तपासता चालवली. आजीच्या दाव्याचं अख्खं फोल्डर गेलं. सर्व्हरवरून पुसलेलं कुठल्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेलं म्हणजे गेलं.

शुक्रवारी फोल्डर सापडेना, तेव्हा साहेबांनी विचारलं, त्याला शेवटचा हात कोणी लावला? मी लॉग उघडला. शेवटची ओळ माझी होती. तिच्या वरची सविताची – तिने अर्धा तास आधी फोल्डर नुसतं उघडून पाहिलं होतं. मी वरची ओळ वाचून दाखवली.

सविता म्हणाली, "साहेब, मी नाही काढली. दादाला विचारा, त्याला सर्व्हरमधलं सगळं दिसतं. दादा, सांग ना."

मी स्क्रीनकडेच बघत राहिलो. संध्याकाळी तिला कामावरून काढलं. तिचं लॉगिन मीच बंद केलं, तिचा सीपीयू मीच सोडवून कपाटावर ठेवला.

शनिवारी सकाळी दहाला ऑफिसचं कुलूपही मीच उघडलं. आत एकटाच होतो. डिस्कमधून काही परत मिळतंय का, म्हणून धडपडत होतो. काही हाती लागेना. अकराच्या सुमारास सहज 'दावे' उघडलं, तर आजीच्या दाव्याचं फोल्डर परत आलेलं, आणि आत एकच फाइल. लाडकीआजीचा व्हिडिओ. फाइलची मालक सविता. वेळ त्याच सकाळची, दहा चाळीस. लॉगमध्ये तिच्या मशीनचं नाव... आणि ते मशीन माझ्या डोक्यावर, कपाटावर, एकही वायर न जोडलेलं! सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलाच नव्हता. व्हिडिओ चालवला. आजी शांतपणे बोलत होती, मागे सविताचा आवाज. त्या फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली आजतागायत आलेल्या नाहीत.

साहेबांना दाखवलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. मालकाचं नाव बघून ते म्हणाले, "बघ, होती तिच्याकडेच. मन खाल्लं असेल, टाकली परत."

तिचं लॉगिन बंद होतं, हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि मी मान डोलावली. खरं सांगतो, ती फाइल बघून वाटली नव्हती तेवढी भीती मला त्या क्षणी माझीच वाटली. दावा पुढे मंजूर झाला. सविता मात्र सगळ्यांच्या लेखी चोर ठरली, आणि तेही त्याच फाइलमुळे.

गेल्या महिन्यात तलासरीला गेलो होतो. नाक्याजवळ तिने झेरॉक्सचं दुकान टाकलंय. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं – कमांड, लॉग, कपाटावरचा सीपीयू, सगळं. वाटलं, रडेल, शिव्या घालेल, निदान फाइल कशी आली म्हणून चकित तरी होईल. तिने एवढंच विचारलं, "साहेबांना सांगितलंस?"

नाही म्हणालो. ती पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घेऊन मशीनकडे वळली.

म्हणून हे लिहून काढलं. छापायला पाठवायच्या आधी उद्या साहेबांसमोर बसून वाचणार आहे. नेटवर्कमधल्या जाणकारांना मी ऑफिसचं नाव न काढता, आडून आडून खूप विचारलं, कोणालाच उलगडा झालेला नाही. फाइल परत कशी आली, असं साहेबांनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. ती गेली कशी, याचं आहे.