श्रद्धाची नजर आणि चौक्याचा तांदूळ

श्रद्धाबद्दल मला फार थोडं ठाऊक आहे. निपाणीत आमच्या दोन घरांत एकच भिंत, तरीही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर होतो. सकाळी जायचो, दिवस मावळायच्या आत जेवायला परतायचो. पुढे तिचा नवरा गोमटेश गेला, मुलगा श्रेयस बेंगळुरूला नोकरीला लागला. माझी बायकोही गेली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेकच माणूस उरलं, पण आमचं बोलणं ‘पाणी आलं का’ यापुढे गेलं नाही.

तिची तीक्ष्ण नजर मात्र सगळ्या गल्लीला माहीत होती. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, मुनिमहाराज मुक्कामाला आले की आमच्याकडे चौका लागतो, म्हणजे त्यांच्या आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. घासात केस किंवा किडा निघाला तर अंतराय होतो. ते तिथेच थांबतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहतात. म्हणून तांदूळ निवडायला शेजारची जयाबाई नेहमी श्रद्धालाच बोलवायची.

गेल्या चातुर्मासात घासात किडा निघाला. महाराजांनी ओंजळ सोडली आणि ते शांतपणे निघून गेले. श्रद्धाला कुणी काही म्हणालं नाही. पण त्यानंतर ती चौक्याकडे फिरकली नाही. बोलावलं तर अंग दुखतंय म्हणायची.

“पोरगा बेंगळूरला कमावतोय. आता कशाला तांदूळ निवडती?” जयाबाई कट्ट्यावर म्हणायची, तेही भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं.

एका सकाळी श्रद्धा ताट घेऊन माझ्या दारात आली.

“आप्पा, जरा बघा की. ह्यात काय हाय का?”

मी चष्मा लावला. तांदळात दोन किडे चालत होते. तिनं ते कागदाच्या कडेवर घेतले, जास्वंदीच्या कुंडीत सावलीला सोडले आणि तिथेच बसून राहिली.

“मला दिसलं न्हाईत,” ती म्हणाली. “लग्नाआधी मला जाड चष्मा हुता. चष्मेवाली पोरगी कोण करून घेणार, म्हणून वडिलांनी बेळगावात लेसर करून घेतलं. ह्यांना बी कधी सांगितलं न्हाई. आता त्याची मुदत संपली. हळूहळू सगळंच जाणार.”

“डॉक्टरनं मुदत सांगितलीती?”

“न्हाई. पण जन्मभर काय टिकतंय, आप्पा?”

चिक्कोडीला माझे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरबाई आहेत, तिकडे जाऊ, मी म्हणालो. बसमध्ये ती पुढे बायकांच्या सीटवर बसली, मी मागे.

डॉक्टरबाईंनी कानडीत सुरुवात केली आणि मग मराठीत समजावलं. लेसरनं बुबुळाला दिलेला आकार तसाच आहे. काहींचा थोडा नंबर पुढे परत येतो, हिचा आलेला नाही, लांबचं अजून स्वच्छ दिसतंय. पण डोळ्याच्या आतलं भिंग वयानं ताठ होत जातं, आणि ते लेसरनं थांबत नाही. ऑपरेशन झालेलं असो वा नसो, चाळिशी सगळ्यांनाच लागते.

“म्हंजे डोळं जाणार न्हाईत?” तिनं दोनदा विचारलं.

“जवळचा चष्मा लावा, झालं.”

यंदा ती चष्मा लावून चौक्यात गेली.

“म्हातारी झालीस की गं,” जयाबाई म्हणाली.

“व्हय आक्का, तुझ्याच रांगेत बसायला आले.”

आहाराच्या वेळी मी कोपऱ्यात उभा होतो. बाकीच्यांचं लक्ष महाराजांच्या चेहऱ्याकडे, हिचं फक्त ओंजळीकडे. शेवटचा घास निर्विघ्न गेला. ती मागच्या दारानं बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं चष्मा पदराला पुसत आत आली.

दिवाळीनंतर श्रेयस गाडी घेऊन तिला कायमचं न्यायला आला. तिनं दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मी माझ्या दारात उभा होतो.

“आप्पा, उद्या पाणी लवकर येणार हाय. घागरी भरून ठेवा.”

“व्हय. चष्मा घेतलास?”

“हे काय, गळ्यातच हाय.”